सत्तेचाळीस नंबरचा नमुना

रोज सकाळी पहिलं जोडपं आत यायच्या आधी जुळणीयंत्राची परीक्षा घ्यावी लागे. द्रव नायट्रोजनच्या टाकीतून संदर्भ नमुन्याची एक इवली नळी काढायची, कोमट पाण्यात वितळवायची, त्यातला थेंब काचेच्या पट्टीवर सोडायचा आणि आकडा बघायचा. आकडा नेहमीसारखा आला की यंत्र ठीक आहे, माणसांना बोलवायला हरकत नाही. सांगलीतल्या त्या वंध्यत्व केंद्रात हे काम ऋजुता मगदूम आणि तबस्सुम मुल्ला या दोघी तंत्रज्ञ करत. टाकीत निरनिराळ्या पुरुषांचे बरेच नमुने होते, पण तबस्सुमचा हात दर वेळी एकाच नंबरकडे जाई.

"सत्तेचाळीस काढते," ती म्हणे. "बाकीचे लहरी आहेत. हा मोठा गुणी माणूस आहे बघ."

पडद्यावर सत्तेचाळीस नंबरचे शुक्राणू झुंडीनं वळत. आकडा येई ब्याऐंशी, कधी चौऱ्याऐंशी. तबस्सुम समाधानानं मान हलवी. ऋजुता मात्र हातमोजे बदलायचं निमित्त करून पाठ फिरवी. सत्तेचाळीस नंबर म्हणजे तिचा नवरा श्रेणिक होता, आणि त्याची पक्की समजूत होती की दोष आपल्यात आहे, आपल्याला मूल होणं शक्य नाही. तसं त्याला ऋजुतानंच सांगितलं होतं.

आता हे यंत्र काय करतं ते सांगायला हवं. पूर्वी शाळेत असं शिकवत की स्त्रीबीज निवांत बसलेलं असतं आणि शुक्राणूंची शर्यत लागते, जो पहिला पोचला तो जिंकला. शर्यतीची ही गोष्ट पुरुषांना आवडे, म्हणून ती बराच काळ टिकली. प्रत्यक्षात स्त्रीबीज गप्प बसत नाही. ते ज्या इवल्या पिशवीत वाढतं तिच्यातल्या पाण्यात काही रसायनं असतात आणि ती शुक्राणूंना हाक मारतात. गंमत अशी की एकाच बाईची हाक एका पुरुषाच्या शुक्राणूंना ऐकू जाते आणि दुसऱ्याच्या जात नाही. दोघंही धडधाकट, दोघांचे अहवाल उत्तम, आणि तरी वर्षानुवर्षं पाळणा हलत नाही. अशा जोडप्यांच्या कागदावर डॉक्टर "कारण सापडत नाही" असं लिहून मोकळे होत.

जुळणीयंत्रानं ते कारण शोधलं. काचेच्या पट्टीवर केसाएवढ्या दोन वाटा. एका वाटेच्या टोकाला बाईच्या त्या पिशवीतल्या पाण्याचा थेंब, दुसरीच्या टोकाला साधं खारं पाणी, आणि दोन्ही वाटा फुटतात तिथं पुरुषाचे शुक्राणू सोडायचे. शंभरातले किती जण बाईच्या वाटेला वळले, तो झाला जुळणीचा आकडा. पन्नासच्या बराच वर असेल तर चांगलं. पन्नासच्या आसपास असेल तर वाट फुटेल तिकडे चाललेत. त्याच्या फार खाली गेला तर ते पाठ फिरवून पळतायत. अशा जोडप्यांत सुईनं शुक्राणू थेट बीजात सोडला तरी उपयोग होत नसे, कारण ज्या रेणूंवरून ही ओळख पटते तेच गर्भाच्या पहिल्या विभाजनांना लागतात. गर्भ तिसऱ्या दिवशी थांबे. ऋजुताचे असे दोन गर्भ थांबले होते.

आकडा कमी आला म्हणून लगेच विश्वास ठेवायचा नसतो. कदाचित शुक्राणूच मेलेले असतील, किंवा पाणी खराब असेल. म्हणून प्रत्येक नमुना परक्या संदर्भ नमुन्यांसमोरही चालवून बघायचा. ही झाली प्रयोगशाळेची शिस्त. नेमक्या याच शिस्तीमुळे एक गोष्ट लपून राहत नसे. नवऱ्याचा आकडा परक्या बाईबरोबर ऐंशी आला आणि बायकोचा परक्या पुरुषाबरोबर पंच्याऐंशी, तर दोष कुणाचाच नाही. दोघांनी फक्त एकमेकांशी लग्न केलं, एवढंच त्यांचं चुकलं.

यंत्र नवं आलं तेव्हा हात बसावा म्हणून केंद्रातल्या लोकांनी आधी आपलेच नमुने चालवून पाहिले होते. घरचंच काम, त्यामुळं कागद नाही, समुपदेशन नाही. श्रेणिक तर हौसेनं आला. हायस्कुलात पी.टी.चे सर, रक्तदानाच्या शिबिरात पहिला उभा राहणारा गडी. त्यानं नमुना दिला आणि "उरलेलं कुणाच्या कामाला येत असेल तर ठेवा" असं सांगून संमतीची सहीही केली. नळ्यांवर नाव नव्हतं, फक्त नंबर, आणि तो ऋजुतानंच घातला होता. ऋजुताच्या त्या पिशवीतलं पाणी आधीच्या उपचारांपासून गोठवून ठेवलेलं होतंच. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर तिनं पट्टी लावली. तिचा आणि श्रेणिकचा आकडा अकरा आला. तिनं पुन्हा लावली, पुन्हा अकरा. श्रेणिकचा परक्या बाईच्या पाण्यासमोर ब्याऐंशी, तिचा परक्या नमुन्यासमोर शहाऐंशी.

ते बघून ती रडली नाही, घाबरली. आणि घाबरायला कारण होतं. त्या वर्षी जुळणी-घटस्फोट हा शब्द लोकांच्या तोंडी बसला होता. श्रेणिकच्या मावसभावाचंच उदाहरण घरात होतं. मोठ्या शहरात आधीच आलेल्या यंत्रावर आकडा नऊ आला, नवराबायको भांडणतंटा न करता वेगळे झाले, वर्षभरात दोघांचीही दुसरी लग्नं झाली, दोन्ही घरांत मुलं आली आणि दोघं एकमेकांच्या मुलांच्या बारशालाही जाऊन आले. सगळे नातेवाईक म्हणत, किती समजूतदार माणसं. भांडण झालं असतं, कुणी कुणाला दोष दिला असता तर ऋजुताला एवढी भीती वाटली नसती. त्यांचं ते सुखात असणंच तिच्या जिवाला लागलं.

अकरा आकडा आला त्याच दिवशी नात्यात डोहाळजेवण होतं. सासूबाई त्रिशलाबाई गावाहून त्यासाठी आल्या होत्या. ओटी भरायची वेळ आली तेव्हा ताट ऋजुताच्या शेजारच्या बाईच्या हातात दिलं गेलं आणि तिथून थेट ऋजुताच्या पलीकडच्या. घरी आल्यावर जैनांचं घर, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची म्हणून त्रिशलाबाई भाकरी थापायला बसल्या आणि पिठाकडं बघत म्हणाल्या, "यंत्र आलंय न्हवं तुमच्यात? कुणात काय हाय ते एकदा कळू दे. म्हंजे पुढचं बघता येईल."

पुढचं म्हणजे काय, ते तिघांनाही कळलं. श्रेणिक चिडून काहीतरी बोलणार तेवढ्यात ऋजुता म्हणाली, "कळलंय आई. श्रेणिकमध्ये आहे."

हे वाक्य तिनं ठरवून उच्चारलं नव्हतं. आईंचं तोंड बंद करायचं आणि रात्री श्रेणिकला खरं काय ते सांगायचं, असा तिचा बेत असावा. निदान नंतर तिनं स्वतःची तशी समजूत घातली. पण जेवण झाल्यावर श्रेणिकनं हळूच विचारलं, "माझी जुनी तपासणी तर चांगली होती?" तेव्हाही तिच्या तोंडून सुसंगत उत्तरच आलं. जुनी तपासणी संख्या बघायची, वेग बघायचा. हे यंत्र दिशा बघतं, आणि तुझ्या शुक्राणूंना दिशा कळत नाही. श्रेणिक म्हणाला, "रोज मैदानावर पोरांना डावं-उजवं शिकवतो मी." आणि हसला. तिथंच खरं सांगायची वेळ निघून गेली.

खोटं इतकं चांगलं चाललं की तिला ते मोडता येईना. त्रिशलाबाई त्या दिवसापासून बदलल्या. गावाहून येताना सुनेसाठी शेंगदाण्याची पोळी आणू लागल्या, तिला आराम कर म्हणू लागल्या. नात्यातल्या बायकांना श्रेणिकनं आपल्या तोंडानं सांगितलं, "उगीच तिला बोलू नका, अडचण माझी आहे." पुरुषानं असं चारचौघांत सांगायला काय लागतं, ते ज्याचं त्याला माहीत. ऋजुताला तेव्हा धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं, आणि तरी ती गप्प राहिली.

श्रेणिकनं स्वतःवर उपचार सुरू केले. सीटच्या उष्णतेनं नुकसान होतं असं कुठंतरी वाचून त्यानं सायकल भिंतीच्या हुकाला टांगली. कडाक्याच्या थंडीत गार पाण्यानं अंघोळ करू लागला. अक्रोड खाई, कसलीशी मुळी दुधात उकळून पिई. हे सगळं निरर्थक आहे हे घरात एकटी ऋजुता जाणत होती, आणि दूध तीच उकळून देत होती. एकदा त्यानं सहज विचारलं, "तो माझा उरलेला नमुना फेकून दिला असेल ना? कुणाच्या काय कामाचा." ती हो म्हणाली. त्या सकाळीच तबस्सुमनं त्याला गुणी म्हटलं होतं.

मग एके संध्याकाळी तो तिच्यासमोर बसला आणि शाळेत पालकांशी बोलतात तसं नीट, ठरवून आणलेलं बोलला. तुला आई व्हायचंय हे मला माहीत आहे. माझ्यामुळं तू अडकून पडू नकोस. जायचं असेल तर मी अडवणार नाही, आणि आईलाही मीच सांगेन. ज्या भीतीनं तिनं एवढा उपद्व्याप केला होता, तीच तिच्या पुढ्यात अशी देणगी म्हणून ठेवली गेली. ऋजुताला रडू कोसळलं. श्रेणिकला वाटलं ही मायेनं रडतेय. त्यानं तिला जवळ घेतलं आणि म्हणाला, "मग असं करू. दात्याचे शुक्राणू घेऊ. मूल निम्मं तरी तुझं असेल ना? मला तेवढं पुष्कळ झालं."

ती हो म्हणाली. इथं मात्र तिला भीतीचं निमित्त नव्हतं. जुळणी नसलेल्या जोडप्यापुढं दोन वाटा सारख्याच मोकळ्या असत. परक्या पुरुषाचे शुक्राणू घेतले तर मूल बायकोच्या रक्ताचं, परक्या बाईचं बीज घेतलं तर नवऱ्याच्या. कुठली वाट घ्यायची ते दोघांनी बसून ठरवायचं असतं. केंद्रात रोज जोडपी त्यावर बोलत, रडत, क्वचित चिठ्ठ्याही टाकत. श्रेणिकला दुसरी वाट आहे हेच माहीत नव्हतं. केंद्रातल्या डॉक्टर इनामदारबाईंना ऋजुतानं सांगितलं की आमची जुळणी अकरा आहे, आणि आम्ही दोघांनी विचार करून दात्याचे शुक्राणू घ्यायचं ठरवलंय. पहिलं खरं होतं, दुसरं अर्धं. घरचीच माणसं, म्हणून त्यांनी श्रेणिकला वेगळं बसवून काही विचारलं नाही, नुसती सही घेतली. मंगळवार ठरला.

आधीच्या शनिवारी त्रिशलाबाई आल्या. त्यांनी ऋजुताला पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं, खण-नारळानं तिची ओटी भरली. मग पिशवीतून एक रुमालाची पुरचुंडी काढली. आत चांदीचे वाळे होते, श्रेणिकच्या लहानपणचे, घुंगरं झिजलेले. दुसऱ्या कुणाच्या मुलाला त्यांनी ते कधी घालू दिले नव्हते.

"मी तुला लई बोलले, ऋजुता," त्या म्हणाल्या. "खोट माझ्याच पोराची निघाली. हे ठेव. रक्ताचं नसलं तरी श्रेणिकचंच लेकरू म्हणायचं."

असं म्हणून त्या बाईनं सुनेपुढं हात जोडले. ऋजुतानं ते घाईघाईनं धरून खाली केले. आपण एका म्हातारीला तिच्या मुलाच्या नसलेल्या दोषाची माफी मागायला लावली, हा विचार त्या रात्री तिला सोडेना. सोमवारपर्यंत थांबलं तर आपण सांगणार नाही, हेही तिला कळत होतं. ती स्वतःला आता चांगलं ओळखू लागली होती.

रविवारी केंद्र बंद असतं. तिनं श्रेणिकला प्रयोगशाळेत नेलं. तो कपाळाला आठ्या न घालता आला. मंगळवारच्या तयारीचं काही असेल असं त्याला वाटलं. तिनं टाकीतून नळी काढली, वितळवली, पट्टी लावली, पडदा सुरू केला. ठिपक्यांची झुंड वळली आणि एका वाटेनं चालू लागली.

"बघ," ती म्हणाली. "केंद्रातला सगळ्यात चांगला नमुना आहे. रोज सकाळी आम्ही यावरच यंत्र तपासतो."

श्रेणिक वाकून बघत राहिला. खेळाडूला चांगला खेळ बघताना वाटतं तसं कौतुक त्याच्या तोंडावर होतं. "नशीबवान माणूस," तो म्हणाला. "आपला दाता हाच का?"

"नाही. हा तू आहेस."

त्याला आधी कळलंच नाही. तिनं पुन्हा सांगितलं. मग एका दमात सगळं सांगितलं, आकडे, डोहाळजेवण, भाकरीचं पीठ, दिशा कळत नाही ते. स्वतःची बाजू तिला मांडायची नव्हती, तरी मध्येमध्ये ती मांडली जात होती. शेवटी तिनं आपल्या पाण्याचा थेंब दुसऱ्या पट्टीवर सोडला. तीच झुंड तिच्या वाटेच्या तोंडाशी आली, घुटमळली आणि उलटी फिरली.

श्रेणिकनं ते पुरतं संपेपर्यंत बघितलं. "म्हणजे माझ्यात काही नाही," तो म्हणाला.

"नाही."

"तुझ्यातही नाही."

"नाही. मला भीती वाटली श्रेणिक. कुणाचाच दोष नाही म्हटल्यावर तू सहज गेला असतास."

"दोष माझा आहे म्हणालीस तेव्हा मी तुला जा म्हटलं. तू गेलीस का?"

तो स्टुलावर बसला. मग बोलला तेव्हा त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि राग असता तर तिला सोसला असता.

"मला विचारलं असतंस ना, तर मी म्हटलं असतं, तुझ्या रक्ताचं होऊ दे. पोटात तूच वाढवणार आहेस. मी आनंदानं दिलं असतं गं. आता देण्यासारखं माझ्याकडं काही ठेवलंच नाहीस तू."

ऋजुतानं पडदा बंद केला. नमुना टाकीतून काढून टाकू का, असं तिनं विचारलं. तुझी संमती परत घेता येते. त्यानं मान हलवली. राहू दे, म्हणाला, लोकांच्या कामाला येतोय. मग तो उठून निघून गेला. तिनं आवराआवर केली आणि डॉक्टर इनामदारबाईंना फोन करून खरं काय ते सांगितलं. मंगळवार रद्द झाला. तुझ्याबद्दल काय करायचं ते नंतर बघू, एवढंच बाई म्हणाल्या.

घरी आली तेव्हा भिंतीवरचा हुक रिकामा होता. श्रेणिक अंधार पडल्यावर सायकलवरून परतला, घामानं निथळत होता. गावाच्या फाट्यापर्यंत जाऊन माघारी आलो, म्हणाला. आईकडे गेलो नाही.

"ते तू सांगायचंस," तो म्हणाला. "उद्या जाऊ. मी बरोबर येईन, पण तोंड उघडणार नाही."

"आणि मुलाचं?"

"माहीत नाही. हो की नाही, कुणाचं, कधी, काहीच माहीत नाही. पण या वेळी मला विचार करू दे. एवढ्या दिवसांत मला कुणी विचारच करू दिलेला नाही."

सोमवारी दोघांनी रजा टाकली आणि गावाची बस धरली. वाळे तिनं रुमालात गुंडाळून पर्समध्ये घेतले होते. सासूबाईंना ते परत द्यायचे आणि मग सांगायचं, की सांगून मग द्यायचे, हे तिचं ठरत नव्हतं. रस्ता खराब होता. प्रत्येक गचक्याला झिजकी घुंगरं पर्समध्ये किणकिणत होती, आणि पुढच्या सीटवरची बाई वळून कौतुकानं बघत होती, बाळ कुठं आहे म्हणून.

एरवी बसमध्ये ऋजुताची पर्स श्रेणिक आपल्या मांडीवर घ्यायचा, लग्न झाल्यापासूनची त्याची सवय होती. आज बस अर्धी रिकामी होती. तरी तो तिच्या शेजारीच बसला. पर्स मात्र त्यानं घेतली नाही.